बारा महिनेवाल्या मॅडम

मॅडम टेबलाच्या आतल्या बाजूला कधी बसल्या नाहीत. कंपनीनं त्यांना चाकांची, उंच पाठीची खुर्ची दिली होती. तिच्यावर दिवसभर त्यांचं पांढरं हेल्मेट बसलेलं असायचं. त्या स्वतः कर्ज मागायला आलेल्या माणसाशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायच्या. नवा माणूस गोंधळायचा. कुणाकडं बघून बोलावं ते त्याला कळायचं नाही, आणि एकदोघांनी तर हेल्मेटलाच नमस्कार केलेला मी पाहिला आहे. मी धीर करून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पलीकडून प्रश्न विचारला की माणूस उत्तर टेबलाला देतो."

सांगलीत मार्केट यार्डापासून दोन मिनिटांवर, एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची शाखा होती. घरासाठी कर्ज देणारी लहानशी कंपनी. ज्यांच्याकडं पगाराची स्लिप असते ते बँकेत जातात. आमच्याकडं यायचे ते हंगामी लोक. लग्नसराईतले आचारी, बँडवाले, यार्डातले हमाल, गुऱ्हाळावरचे गुळवे, द्राक्षबागेत छाटणीला जाणारे. काही महिने हातात पैसा, काही महिने ओढाताण, काही महिने काहीच नाही. अशा माणसाला पंधरा-वीस वर्षं, दर महिन्याच्या दहा तारखेला ठरलेला हप्ता भरता येईल का, हे बघून अहवाल लिहायचा, ही मॅडमची नोकरी. मी त्यांच्या हाताखाली नवा लागलो होतो, दोन वर्षांच्या प्रोबेशनवर.

मॅडम मूळच्या वाईच्या. वय पंचावन्नच्या पुढं. सुती साडी, पायात पुरुषी स्पोर्ट्स शूज, आणि हेल्मेट नीट बसावं म्हणून मानेपर्यंत कापलेले पिकले केस. स्कूटर त्यांनी तीसच्या वर कधी नेली नाही. मी मागं बसलेला असायचो आणि दुधाच्या किटल्या लावलेले सायकलवाले आम्हाला ओलांडून जायचे. चढ आला की त्या स्कूटरला मोठ्यानं "चल बाई, चल" म्हणायच्या. लग्न केलं नव्हतं. नदीकडच्या एका गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायच्या. आमच्या शिपाईमामांनी एकदा विचारलं, "मॅडम, इतक्या लोकांना घरं मिळवून दिलीत, सोताचं का न्हाई घेतलं?" त्यावर त्या म्हणाल्या, "माझा अहवाल कोण लिहिणार?" आणि डबा उघडून जेवायला बसल्या. डबा खाताना फायलीचा विषय काढलेला त्यांना चालायचा नाही. काढला तर त्या डबा बंद करायच्या आणि तो विषय संपेपर्यंत उघडायच्या नाहीत.

लोक त्यांना 'बारा महिनेवाल्या मॅडम' म्हणायचे, त्याला कारण होतं. माणूस येऊन बसला की त्या पाठकोऱ्या कागदावर, पट्टी न लावता, बारा चौकोन काढायच्या. मग विचारायच्या. जुलैत काय करता, असं नाही विचारायच्या. जुलै कुणाच्या लक्षात राहत नाही. "बेंदराला कुठं होता? गौरी-गणपतीत काम होतं का? संक्रांतीला हातात काय होतं? जत्रेला खर्च किती झाला?" असं करत एकेक चौकोन भरायचा. अडायचं ते रिकाम्या चौकोनांपाशी. लोकांना रिकाम्या महिन्यांची लाज वाटते. तिथं आले की ते घाईघाईनं म्हणायचे, "तवा बी मिळतंय की कायतरी." मॅडम पेन खाली ठेवायच्या. "कायतरी म्हणजे काय? त्या महिन्यात जेवलात काय?" मग हळूहळू खरं बाहेर यायचं. कुणी बायकोच्या माहेराहून धान्य आणायचं, कुणी नदीवर मासे धरायचं, कुणी कुठल्याशा देवळाबाहेर नारळ विकायचं. हे सगळं त्या चौकोनात लिहायच्या. शून्य मात्र मी त्यांना कधी लिहिताना पाहिलं नाही.

मी लिहिलेला पहिला अहवाल मला अजून आठवतो. एका आचाऱ्याचा होता. शेवटी मी मोठ्या झोकात लिहिलं होतं, "अर्जदार गरीब परंतु प्रामाणिक आहे." मॅडमनी तो वाचला आणि विचारलं, "हा परंतु कशाला?"

मी ते वाक्य पुन्हा वाचलं.

"श्रीमंत माणसाबद्दल लिहिताना श्रीमंत परंतु प्रामाणिक असं लिहिशील?"

"नाही."

"मग काढ तो." त्यांनी स्वतःच तांबड्या शाईनं वाक्य खोडलं आणि म्हणाल्या, "आणि प्रामाणिक आहे हे तुला कसं कळलं, तेवढं लिही. बाकी आपलं मत ज्याचं त्याच्या घरी."

त्या मऊ होत्या असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. एकदा एक पगारदार गृहस्थ बायकोला घेऊन आले. सगळी कागदपत्रं जागच्या जागी, फाइल बघूनच शाखाप्रमुख खूश. मॅडमनी बायकोला विचारलं, "हप्ता किती बसणार आहे, माहीत आहे ना?" ती नवऱ्याकडं बघायला लागली. नवरा हसून म्हणाला, "तिला काय करायचंय त्यातलं?" मॅडमनी फाइल मिटून त्याच्या हातात दिली. "दोघं घरी बसून बोला. मग या." ते परत आलेच नाहीत, दुसरीकडून कर्ज घेऊन मोकळे झाले. शाखाप्रमुखांनी आवाज चढवला तेव्हा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "महिना कसा भागवायचा हे त्या बाईला ठरवायचं होतं, आणि तिलाच माहीत नव्हतं. मी काय लिहिणार होते?"

माझे स्वतःचे बारा चौकोनही त्यांनी एकदा भरून घेतले होते. म्हणजे माझ्या वडलांचे. पावसामुळं कुठं जाता येत नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून असेल. आम्ही माण तालुक्याकडचे. वडील मेंढरं राखायचे, दिवाळी झाली की कळप घेऊन खाली कृष्णाकाठच्या रानात उतरायचे आणि पाऊस लागला की परत. मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. शेवटी विचारलं, "घरासाठी कर्ज मागितलं होतं का त्यांनी?"

"मागितलं होतं. दहिवडीत. तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी तिथल्या माणसानं सांगितलं, म्हातारबा, मेंढरांची पगाराची स्लिप आणा."

मॅडमनी पिशवीतून एक पेरू काढला, मधोमध फोडला आणि अर्धा माझ्या पुढं ठेवला.

शालन आली ती शिमग्याच्या आसपास. पंचेचाळिशीची, उन्हानं रापलेली, डोक्यावर पदर आणि पदराखाली बागेत बांधतात तसा रुमाल. द्राक्षबागांत छाटणीला जाणाऱ्या बारा बायकांच्या टोळीची ती मुकादम होती. एकरावर काम घ्यायचं, आलेली मजुरी बाराजणींत आणि स्वतःत सारखी वाटायची, अशी तिची रीत. टोळीतल्या चार-पाच जणी तिच्याबरोबर आल्या होत्या. त्या जिन्यातच बसून राहिल्या.

शालननं हेल्मेटकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं आणि सरळ मॅडमच्या शेजारी बसली.

"घर कुणासाठी?" मॅडमनी विचारलं. अर्जात तसा रकाना आहे.

"माझ्यासाठी."

"अजून कोण राहणार?"

"कोण न्हाई. लेक पाटणला दिलीय, ती तिच्या घरी सुखी हाय. नवरा मुंबईला गेला, तिकडंच ऱ्हायला. मी एकटीच." मग मॅडमकडं वळून, "का वं म्याडम, एकटीला देत न्हाईत व्हय?"

"देतात की," मॅडम म्हणाल्या. "मागायला कुणी येत नाही."

घर म्हणजे एका जुन्या इमारतीतली दुसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर. मालक एक म्हातारे गुरुजी होते. ते मुलाकडं पुण्याला राहायला निघाले होते. मॅडम आणि मी घर बघायला गेलो. मॅडम घरात शिरायच्या आधी शेजारच्या किराणा दुकानात गेल्या आणि दुकानदाराला विचारलं, "पुरात पाणी कुठवर आलं होतं?" विकणारा पाण्याची खरी उंची कधी सांगत नाही, असा त्यांचा अनुभव होता. दुकानदारानं भिंतीवर हात ठेवून दाखवलं. दुसरा मजला सुरक्षित होता.

मग बारा चौकोन. शालनचे चौकोन मला तोंडपाठ झाले. दसऱ्याच्या पुढं-मागं छाटणी, मग फुटवे काढणं, घडांची विरळणी, औषधात घड बुडवणं, मग काढणी, बेदाण्याची शेडं, पाडव्यानंतर पुन्हा खरड छाटणी. तिथून पुढं हात रिकामे.

"आषाढात?"

"आषाढात मी पाटणकडं जाती. भावाच्या गावाला, भात लावाय."

"मजुरी किती?"

"पैसं कुठलं? तांदूळ देत्यात. दोन पोती पडत्यात पदरात. वर्सभर मला तांदूळ इकत घ्याय लागत न्हाई."

मॅडमनी आषाढाच्या चौकोनात लिहिलं, "तांदूळ, दोन पोती."

फाइल साताऱ्याच्या विभागीय कार्यालयात गेली आणि दोन दिवसांत परत आली. खात्यावर दरमहा नियमित जमा दिसत नाही, आणि तांदूळ हे उत्पन्न म्हणून धरता येत नाही. मॅडमनी फोन लावला. "तांदूळ उत्पन्नात धरू नका. खर्चात धान्याचे पैसे लावलेत ना? त्यातून कमी करा." पलीकडच्यानं ते कसंबसं मान्य केलं. पण नियमित जमा? त्याला उत्तर नव्हतं.

मॅडमनी शालनला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "शालनताई, एक वर्ष थांबाल?"

"वीस वर्सं थांबले, एकानं काय हुतंय?"

"मग असं करा. घर मिळालंय, कर्ज झालंय, असं समजा. हप्ता बसला असता साडेपाच हजार. पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत, दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत तेवढे पैसे तुमच्याच खात्यात भरायचे आणि त्याला हात लावायचा नाही. काम असो नसो. जमलं तर मी फाइल परत पाठवते. नाही जमलं तर घर घेऊ नका. पैसे तुमचेच आहेत, कुठं जात नाहीत."

शालन जिन्यात जाऊन बायकांशी बोलून आली. "चालंल," म्हणाली. गुरुजीही पुढच्या पाडव्यापर्यंत थांबायला तयार झाले. त्यापुढं मात्र नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

दर महिन्याला दहा तारखेच्या आत शालन यायची, पासबुक मॅडमच्या पुढं धरायची. मॅडम बघायच्या, मान हलवायच्या, एवढंच. आमच्या ऑफिसात सगळ्यांना धास्ती होती ती आषाढ-श्रावणाची. आषाढात ती पाटणला गेली. तिथून तालुक्याला येऊन तिनं पैसे भरले. बेदाण्याच्या शेडातली मजुरी तिनं त्यासाठी राखून ठेवली होती. श्रावण गेला, भाद्रपद गेला. गणपती झाले आणि छाटणी सुरू झाली तेव्हा शिपाईमामांनी पेढे आणायचं तेवढं बाकी ठेवलं. आता काय, भरल्या हाताचे महिने.

आणि दिवाळीनंतर अवकाळी लागला. तीन दिवस नुसता चिकट, बारीक पाऊस आणि मग ढगाळ. घडांवर रोग पडला. बागायतदारांनी कामं थांबवली. ज्यांची छाटणी-विरळणी झाली होती त्यांनीही मजुरी पुढं ढकलली. ज्या महिन्याची कुणाला काळजी नव्हती तो महिना कोरडा गेला.

नऊ तारखेला शालनचा मला फोन आला. "दादा, म्याडमला सांगा, ह्या टायमाला न्हाई जमायचं. हुतं ते बायकांस्नी वाटलं. त्यांच्या घरात चूल पेटाय पायजे."

मी मॅडमना सांगितलं नाही. मला दिसत होतं ते पुढचं सगळं. एक महिना चुकला म्हणजे वर्ष पुन्हा पहिल्यापासून, आणि गुरुजी थांबायचे नाहीत. माझ्या डोळ्यापुढं दहिवडीचा तो काउंटर आणि त्याच्यासमोर पटका हातात धरून उभे असलेले वडील येत होते. दहा तारखेला जेवणाच्या सुट्टीत मी रस्त्यापलीकडच्या बँकेत गेलो. फाइलमधून तिचा खाते नंबर घेतला होता. स्लिप भरली, माझ्या पगारातले साडेपाच हजार जमा केले आणि परत येऊन कामाला लागलो. खरं सांगतो, त्या दुपारी मला फार बरं वाटत होतं.

पाच दिवसांनी शालन आली. मॅडमच्या शेजारी बसली. पासबुक उघडून धरलं.

"म्याडम, मी भरलं न्हाईत. पर बुकात पडल्यात. ह्ये पैसं कुणाचं?"

मॅडमनी पासबुक पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी दुसऱ्या टेबलावर होतो, आणि माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असणार.

"तुझे?"

"हो." आणि मग मी घाईनं बोलत सुटलो. "मॅडम, पाऊस पडला त्यात त्यांची काय चूक? फक्त एका महिन्यासाठी वर्ष वाया जाणार. मी काही परत मागणार नव्हतो—"

"चूक म्हणतंय कोण?" मॅडमचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "काम गेलं तर ही बाई काय करते, हे आपल्याला बघायचं होतं. तिलाही बघायचं होतं. आता ते कुणालाच दिसणार नाही. तू तिचा एक महिना घेतलास."

मग शालन बोलली.

"दादा, तुमी चांगल्या मनानं केलं, मला कळतंय. पर उद्या खरा हप्ता चुकला, तर तुमी कुटं कुटं पुरं पडणार? मला किती झेपतंय ह्ये मला कळाय नगं व्हय?" तिनं कनवटीची छोटी पिशवी सोडली आणि घडी घातलेल्या नोटा माझ्या टेबलावर ठेवल्या. बँकेतून काढूनच आली होती.

मी त्या घेतल्या. ते मला आयुष्यात सगळ्यात जड गेलेलं काम आहे.

शालन गेल्यावर मॅडमनी माझ्यापुढं कोरा कागद ठेवला. "काय केलंस ते लिही. फाइलला लावायचं."

"मॅडम, प्रोबेशन आहे माझं."

"आहे. म्हणून नीट लिही."

मी लिहिलं, "अर्जदाराच्या परिस्थितीमुळे सहानुभूती वाटून..." त्यांनी तेवढं वाक्य खोडलं. "तुला काय वाटलं त्याचं साताऱ्याला काही नाही. किती पैसे भरले, कधी भरले, शालनताईंनी कधी परत केले, ते लिही." चार ओळींचा कागद झाला. मी खाली सही केली.

पुढच्या महिन्यात शालन आली तेव्हा तिच्या हाताचे तळवे पिवळेधमक होते. बागा बंद पडल्यावर ती गप्प बसली नव्हती. टोळी घेऊन ती मार्केट यार्डात गेली होती, गोदामांत हळद निवडायच्या कामावर. जुना माल निवडायचं काम, मजुरी कमी, धुळीनं खोकला. पण रोजच्या रोज पैसे. पासबुकावर तिच्या अंगठ्याचा हळदीचा डाग पडला होता. त्या महिन्याचे साडेपाच आणि मागच्या महिन्याचे साडेपाच, दोन्ही तिनं भरले होते.

मॅडमनी त्या दिवशी पहिल्यांदा नुसती मान हलवली नाही. त्यांनी शिपाईमामांना चहा आणायला सांगितलं, जिन्यातल्या बायकांसकट सगळ्यांना.

फाल्गुनात फाइल पुन्हा साताऱ्याला गेली आणि पुन्हा परत आली. बारापैकी अकराच महिने जमा. शिवाय एका कर्मचाऱ्यानं परस्पर पैसे भरल्याचा प्रकार. पाडवा सोळा दिवसांवर होता. मॅडमनी फाइल पिशवीत घातली आणि मला म्हणाल्या, "उद्या सकाळची एसटी."

साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळच्या त्या ऑफिसात विभागाचे साहेब म्हणजे तिशीतला, चष्मा लावलेला तरुण होता. माणूस वाईट नव्हता. त्यानं लॅपटॉप आमच्याकडं फिरवून दाखवला. "मॅडम, इथं गॅप दिसतोय. सिस्टिम पुढं जाऊ देत नाही."

"गॅप आहेच. त्याचं कारण मी लिहिलंय, ते वाचलंत का?"

"कारण टाकायला इथं जागाच नाही."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "तुमचं काम होऊ दे. मी बाहेर बसते."

बाहेर गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाक होता. मॅडम त्यावर बसल्या. पिशवीतून गूळ-शेंगदाणे काढून मला दिले, स्वतः खाल्ले. एक वाजला, तीन वाजले. साहेब दोनदा बाहेर येऊन गेला. प्रत्येक वेळी मॅडम त्याच्याकडं बघून हसल्या, बोलल्या काही नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. साडेचारच्या सुमारास तो तिसऱ्यांदा बाहेर आला. मॅडम बाकावर थोड्या सरकल्या. तो घोटाळला, आणि मग त्यांच्या शेजारी बसला.

मॅडमनी फाइल मांडीवर उघडली. "हे बघा. अकरा महिने तिनं भरले, त्यातून मला फारसं काही कळलं नाही. काम होतं, तिनं भरले. नव्हतं तिथं आधी राखून ठेवलेले भरले. कळलं ते या महिन्यात. सगळीकडचं काम गेलं. होते ते पैसे तिनं टोळीला वाटले. कुणी फुकट दिलेले परत केले. आणि महिन्याच्या आत दुसरं काम शोधून दोन्ही भरले. तुमच्याकडं पगारदारांच्या फायली असतील. त्यातल्या कुणाची नोकरी गेली तर तो काय करेल, तुम्हाला माहीत आहे?"

साहेबानं माझा चार ओळींचा कागद उचलला. "आणि हे?"

"हा माझ्या हाताखालचा. शेजारी बसलाय." मॅडमनी माझ्याकडं बघितलंही नाही. "त्याची वेतनवाढ अडवा हवी तर. हिची फाइल अडवू नका."

साहेबाला हसू आलं. त्यानं कुणाला तरी फोन लावले, वरची परवानगी घेतली. संध्याकाळी सहाला मंजुरी मिळाली, पण मागितल्यापेक्षा सव्वा लाखानं कमी. माझी वेतनवाढ खरोखरच अडली, आणि प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. परतीच्या एसटीत मॅडम कराड येईपर्यंत झोपल्या होत्या.

कमी पडलेल्या रकमेचं काय, ही काळजी मला होती. शालनच्या खात्यात वर्षाचे साठलेले पैसे होतेच. उरलेले टोळीतल्या बायकांनी उभे केले. आमच्या भागात मुकादम टोळीला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. इथं टोळीनं मुकादमाला उचल दिली, पुढच्या दोन हंगामांच्या कामावर.

त्यानंतर दीड वर्षानं मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी शाल घेतली नाही, "मला उकडतं" म्हणाल्या. नारळ घेतला. आता त्या वाईला भावाच्या घरी असतात. कधी फोन केला तर फार बोलत नाहीत. स्कूटर विकली, गुडघे दुखतात, तुझी आई कशी आहे, झालं. त्यांचं टेबल आता माझ्याकडं आहे. मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसणं अजून जमत नाही, कंबर धरते. पण चौकोन मी काढतो.

मला मॅडम आठवतात त्या मात्र शालनला किल्ली मिळाली त्या दिवशीच्या. खरेदीखत झालं, गुरुजींनी किल्ली दिली. शालननं आम्हाला दोघांना आग्रहानं ओढून नेलं. मॅडम घर झाल्यावर कुणाकडं जात नसत. आपण गेलो की त्या माणसाला हप्ता आठवतो, म्हणायच्या. त्या दिवशी का कुणास ठाऊक, आल्या. दुपारची वेळ होती. मी पेढ्याचा पुडा घेतला होता. दोन जिने चढून आम्ही तिघं दारापुढं उभे राहिलो.

शालननं कुलूप काढलं. उंबऱ्यावर हळद-कुंकू वाहिलं. मग मागं वळून म्हणाली, "वाईच थांबा हं." ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

आम्ही बाहेर थांबलो. मला वाटलं काहीतरी झाडायचं-आवरायचं असेल. दोन मिनिटं झाली, पाच झाली. आतून भांड्याचा नाही, पावलांचा नाही, कसलाच आवाज नव्हता. वीस वर्षं ती दुसऱ्यांच्या बागांतल्या पत्र्याच्या शेडात बारा-बारा जणींबरोबर झोपली होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. मला वाटलं, बाई आत चक्कर येऊन पडली की काय. मी दार वाजवायला हात उचलला.

मॅडमनी माझं मनगट धरलं.

"असू दे," त्या हळूच म्हणाल्या.

मग साडी सावरून त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या, शूजच्या नाड्या सैल केल्या, आणि पेढ्याचा पुडा माझ्या हातातून घेऊन मांडीवर ठेवला.